वाचक विचारतात: लॅपटॉपला एसएसडी टाकायची, पण कोणती आणि केवढी?

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की जुना लॅपटॉप मंद झाला म्हणून लगेच विकू नका, आधी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरत्या भागांशिवाय चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) टाकून बघा. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की बाकीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले. बहुतेकांची अडचण सारखीच, बजेट कमी, दुकानदार एक सांगतो, घरातला भाचा दुसरं सांगतो आणि यूट्यूबवाला तिसरंच. प्रश्न थोडे कापलेत आणि नावं गाळलीत.

प्रश्न: सर, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. २०१७ चा लॅपटॉप आहे, आय५ सातव्या पिढीचा, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्डडिस्क. चालू व्हायलाच पाच-सहा मिनिटं घेतो, यू-डायस आणि शालार्थचं (शाळेच्या माहितीचं आणि पगाराचं ऑनलाइन) काम आलं की डोकं फिरतं. दुकानदार म्हणतो ७००० स्पीडवाली एसएसडी टाका नाहीतर नवीनच घ्या. ओढूनताणून पाच-सहा हजार काढू शकतो. काय करू?
(एक गुरुजी, बार्शी)

उत्तर: गुरुजी, नवीन लॅपटॉपचं राहू द्या, आणि ती ७००० वाली तर अजिबात नको, बहुतेक ती तुमच्या लॅपटॉपमध्ये बसणारच नाही. आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा. लॅपटॉप चालू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने असतात. सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली, असं दिसलं की समजायचं प्रोसेसर चांगला आहे, तो बिचारा हार्डडिस्कची वाट बघत बसलाय.

कारण असं आहे की लॅपटॉपची हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद, आणि त्यात तो वाचणारा हेड योग्य जागेवर सरकायला लागणारा वेळ धरला की एक छोटा तुकडा शोधायला पंधराएक मिलिसेकंद जातात, सेकंदाला झाले साठ-सत्तर तुकडे. विंडोज सुरू होताना इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो छोट्या फायली मागतं. मग पाच मिनिटं लागणार नाहीत तर काय. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हातात येतो. जुन्या लॅपटॉपला जो फरक पडतो तो सगळा इथे पडतो.

आता बॉक्सवरचे आकडे. साटा (जुन्या पद्धतीची जोडणी) एसएसडीवर ५५० लिहिलेलं असतं, एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीवर ३५०० आणि जेन ४ वर ५००० ते ७०००, हे सगळे एमबी पर सेकंद आणि सगळे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे. छोट्या विखुरलेल्या तुकड्यांच्या कामात, म्हणजे तुम्ही रोज करता त्या कामात, हार्डडिस्क जेमतेम १ एमबी देते, स्वस्तातली साटा एसएसडी पंचवीस-तीस देते आणि ती ७००० वाली सत्तर-ऐंशी. म्हणजे पहिली उडी पंचवीस-तीसपट, त्यापुढची अडीच-तीनपट, आणि ती पुढची उडी वर्ड उघडताना आणि फॉर्म भरताना कळतसुद्धा नाही. (यू-डायसची साइटच झोपलेली असेल तर तिला जगातली कुठलीच एसएसडी उठवू शकत नाही, ते वेगळं.)

तर तुम्ही २.५ इंची साटा एसएसडी घ्या, जुनी हार्डडिस्क काढायची आणि त्याच जागी ही लावायची, तेच सॉकेट, तेच स्क्रू. साइज ४८०, ५०० किंवा ५१२ जीबी, यातलं काहीही. २४० स्वस्त दिसते पण विंडोज, त्याचे अपडेट, ऑफिस आणि मुलांचे फोटो-व्हिडिओ टाकले की वर्षभरात भरते, आणि एसएसडी गळ्यापर्यंत भरली की मंद होते. २४० आणि ५०० मधला फरक सहसा एवढा नसतो की त्यासाठी वर्षभर फाइली डिलीट करत बसावं.

ब्रँडचं म्हणाल तर साटामध्ये दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर सॅमसंग ८७० ईव्हीओ आणि क्रुशिअल एमएक्स५००, यांच्यात आत वेगळी डीरॅम चिप (कुठला डेटा कुठे आहे याचा हिशोब ठेवणारी मेमरी) असते आणि वॉरंटी ५ वर्षं. खालच्या पायरीवर क्रुशिअल बीएक्स५००, किंगस्टन ए४०० वगैरे, डीरॅम नाही, वॉरंटी ३ वर्षं. तुमच्या कामाला खालची पायरी पुरते, भावात फार फरक नसेल तर वरची घ्या. ५०० जीबी आहे तेवढी डिस्कवर दिसली नाही, ४६५ दिसली, तर भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, एवढंच.

उरलेल्या पैशात रॅम ४ ची ८ करा. हे मी आग्रहाने सांगतोय कारण ४ जीबीवर क्रोमचे सात-आठ टॅब उघडले की रॅम संपते आणि विंडोज एसएसडीलाच रॅमसारखं वापरायला लागतं, मग पुन्हा अडखळणं सुरू. या वयाच्या बहुतेक लॅपटॉपना डीडीआर४ लागते, पण खालचं झाकण उघडून रिकामा स्लॉट आहे का बघूनच पैसे द्या.

एक कडू गोष्ट राहिली. सातव्या पिढीच्या प्रोसेसरला, एकदोन अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठव्यापासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. एसएसडी टाकून यात काही बदलत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट दिलेत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला की पैसे न देताही मिळतात, अपडेटच्या पानावर तशी नोंदणीची लिंक दिसते. त्यानंतर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाका, फॉर्म ब्राउझरमध्येच भरायचे असतात, ते तिथेही भरता येतात. मराठी टायपिंगही होतं.

प्रश्न: ऑनलाइन एम डॉट टू एसएसडी मागवली. स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली, स्क्रूही लागला, पण लॅपटॉप ती दाखवतच नाही. दुकानात नेला तर म्हणाले मदरबोर्ड गेला असणार. हार्डडिस्कवर लॅपटॉप चालतोय की! खरंच बोर्ड गेला?
(एक ताई, चिपळूण)

उत्तर: ताई, बोर्ड गेला असता तर लॅपटॉप चालू झाला असता का? दुसऱ्या दुकानात जा.

एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे, त्या च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या बोर्डाचं. आत बोलायची भाषा दोन प्रकारची असते, साटा किंवा एनव्हीएमई, आणि तुमच्या लॅपटॉपच्या स्लॉटला यातली एकच समजत असेल तर दुसरी पट्टी छान बसते, पण दिसत नाही. बहुधा तुमचं तेच झालंय. पट्टीच्या सोनेरी टोकाकडे बघा, दोन खाचा असतील तर बहुतेक साटा, एकच खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई. बहुतेक म्हणतोय कारण काही स्वस्तातल्या एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात, त्यामुळे स्टिकरवर काय छापलंय तेच खरं मानायचं.

तरी परत पाठवायच्या आधी एवढं बघा. लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंगचं पान) जा, एफ२ किंवा डिलीट किंवा एफ१०, कंपनीप्रमाणे. बायोसलाच पट्टी दिसत नसेल तर भाषा जुळत नाही, नाहीतर पट्टी नीट आत गेलेली नाही (ती तिरकी धरून आत सरकवायची आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा, सपाट ढकलली तर अर्धवट बसते). बायोसला दिसते पण विंडोजमध्ये माय कॉम्प्युटरला दिसत नाही, तर ती कोरी आहे, डिस्क मॅनेजमेंट उघडून इनिशियलाइज आणि फॉरमॅट करा, पाच मिनिटांचं काम. आणि विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलरला दिसत नाही, पण बायोसला दिसते, असं असेल आणि लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असते, ती बंद करा किंवा इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथे लोड करा. यात कितीतरी चांगल्या एसएसडी खराब म्हणून परत जातात.

पुढच्या वेळी मागवताना लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, ही नेहमीची. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. आणि २०१८-१९ चा लॅपटॉप असेल, वर ऑप्टेन असं स्टिकर असेल, तर त्या स्लॉटमध्ये १६ जीबीचं ऑप्टेन मॉड्यूल, म्हणजे हार्डडिस्कला वेग देणारी इंटेलची छोटी पट्टी, बसवलेलं असतं. ते काढायच्या आधी इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून ऑप्टेन बंद करा, नाहीतर हार्डडिस्कवरचं विंडोज सुरू होणार नाही आणि मग खरंच रडायची वेळ येईल.

प्रश्न: लग्नाचं शूट करतो. स्वस्तात मिळाली म्हणून १ टीबी एसएसडी घेतली, बॉक्सवर मोठा आकडा होता. एका लग्नाचा दीड-दोनशे जीबी डेटा टाकायला घेतला की सुरुवातीला ४५० दाखवतं, मग थोड्या वेळाने ५०-६० वर येतं आणि तिथेच रांगतं. आधीची हार्डडिस्क बरी होती असं वाटायला लागलंय. पीस खराब आहे का?
(एक फोटोग्राफर, कोल्हापूर)

उत्तर: दादा, आधी कुठून कॉपी करताय ते बघा, कारण कॅमेऱ्याचं साधं यूएचएस-१ मेमरी कार्ड असेल तर कार्डच शंभरच्या पुढे देत नाही. पण तुम्ही म्हणता सुरुवातीला ४५० होतं, म्हणजे देणारा वेगवान आहे आणि घेणारा दमतोय. पीस खराब नाही. तो तसाच बनवलेला आहे.

एसएसडीच्या एका पेशीत किती बिट साठवायचे यावर तिचा प्रकार ठरतो. टीएलसीमध्ये तीन, क्यूएलसीमध्ये चार. चार बिट कोंबले की तेवढ्याच चिपमध्ये जास्त जीबी मावतात, भाव उतरतो, पण लिहायला वेळ लागतो. हा वेळ दिसू नये म्हणून कंपनी मोकळ्या जागेतला एक भाग पेशीत एकच बिट या हिशोबाने वापरते, तिथे लिहिणं झटपट होतं, याला एसएलसी कॅशे म्हणतात. मार्केट यार्डात ट्रक रिकामा करताना पुढचा कट्टा मोकळा असेपर्यंत पोती धडाधड उतरतात, कट्टा भरला की मग एकेक पोतं आत गाळ्यात नेऊन लावेपर्यंत पुढचा ट्रक उभाच, तसं. बॉक्सवरचा आकडा मोकळ्या कट्ट्याचा असतो. गुरुजींसारख्यांचा कट्टा दिवसात कधी भरतच नाही म्हणून त्यांना क्यूएलसी चालते, तुमचा दर लग्नाला भरतो.

आणि हा कट्टा मोकळ्या जागेतून कापलेला असल्याने ड्राइव्ह जितकी भरलेली तितका तो लहान. १ टीबीमध्ये ८५० जीबी जुनी लग्नं पडलेली असतील तर पहिल्या काही जीबीतच दम लागणार. म्हणून आत्ता आहे त्या ड्राइव्हवर उपाय एवढाच की निम्मी रिकामी ठेवा, झालेली कामं बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवा, आणि कॉपी झाल्यावर लॅपटॉप लगेच बंद न करता थोडा वेळ नुसता चालू ठेवा, कट्ट्यावरची पोती ती मागे स्वतः लावून घेते.

पुढची घेताना टीएलसी असं स्पष्ट लिहिलेली घ्या. लॅपटॉपला एनव्हीएमई स्लॉट असेल तर डीरॅम नसली तरी फार बिघडत नाही, कारण एनव्हीएमईला लॅपटॉपच्या रॅममधला छोटासा तुकडा उसना घेता येतो, होस्ट मेमरी बफर म्हणतात त्याला. साटाला ही सोय नाही, म्हणून साटात जड काम करायचं तर डीरॅमवालीच. उदाहरण द्यायचं तर वेस्टर्न डिजिटलची ब्लू एसएन५८० डीरॅमशिवायची पण टीएलसी आहे आणि वॉरंटी ५ वर्षांची, उलट क्रुशिअल पी३ क्यूएलसी आहे आणि तिलाही ५ वर्षं. दोघींचे बॉक्स शेजारी ठेवले तर सामान्य माणसाला फरक कळणार नाही, म्हणून टीबीडब्ल्यूचा आकडा बघायचा. हा आकडा म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहायला मुभा आहे ते. १ टीबीच्या पी३ ला २२० आहे, टीएलसीवाल्यांना साधारण ६००. आकडा फारच कमी दिसला की आत क्यूएलसी आहे असं समजून चाला.

एक सावधगिरी. काही कंपन्या आत कोणती चिप आहे ते सांगतच नाहीत, आणि मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला माल बदलतात. २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० चं तेच झालं, आतली फ्लॅश, म्हणजे डेटा साठवणारी चिप बदलली, कट्टा भरल्यानंतरचा स्पीड साधारण सहाशेवरून चारशेच्या खाली आला, आणि बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने कबूल केलं की इथून पुढे असा बदल केला तर मॉडेल नंबर नवा देऊ. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू बघून आज घेतलेली वस्तू आतून तीच असेल असं धरून चालू नका.

प्रश्न: १६ टीबी एसएसडी पंधराशे रुपयांत दाखवतायत, रिव्ह्यू पण चांगले आहेत. घेऊ का?
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: नको. आत बहुतेक एक छोटं मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं असतं आणि त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) विंडोजला १६ टीबी आहे असं खोटं सांगतं. फाइल कॉपी होते, नावही दिसतं, पण कार्ड भरलं की पुढचं सगळं जुन्यावरच लिहिलं जातं आणि फाइल उघडायला गेलं की उघडत नाही. रिव्ह्यूवाल्यांनी पहिल्या दिवशी दोन पिक्चर टाकून स्टार दिलेले असतात. आधीच घेतली असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर अख्खी ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, रिटर्नची मुदत संपायच्या आत चालवा.

प्रश्न: मी टॅक्सची कामं करतो. लॅपटॉपवर टॅली आहे, क्लायंटांचा दहा वर्षांचा डेटा आहे, जुनी मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर आहेत. एसएसडीवर विंडोज नवीन टाकू की क्लोन करू? १ टीबी हार्डडिस्क आहे, एसएसडी ५०० जीबीची घेतली आहे. डेटा जाईल या भीतीने बॉक्स अजून फोडला नाही.
(एक वाचक, लातूर)

उत्तर: भीती बरोबर आहे, पण बॉक्स फोडा, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू झालीये.

माझं मत क्लोन, म्हणजे हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर. सॉफ्टवेअर थोडी आणि लॅपटॉप कचऱ्याने भरलेला असता तर नवीन विंडोज टाका म्हटलं असतं, पण तुमच्याकडे ज्या जुन्या फॉन्टच्या सीडी आता कुठे सापडणार नाहीत त्या परत बसवत बसण्यात अर्थ नाही.

सुरुवात बॅकअपने. टॅलीचा डेटा फोल्डर आणि क्लायंटांच्या फायली एका बाहेरच्या डिस्कवर घ्या, ही डिस्क लॅपटॉपपासून काढून कपाटात ठेवा. क्लोन करताना लोक सगळ्यात जास्त जी चूक करतात ती म्हणजे सोर्स आणि टार्गेट उलटं निवडणं, कोरी एसएसडी भरलेल्या हार्डडिस्कवर क्लोन होते आणि दहा वर्षं दहा सेकंदात जातात. कपाटातली डिस्क त्यासाठी. स्टार्ट दाबायच्या आधी दोन्ही ड्राइव्हची नावं आणि साइज मोठ्याने वाचा, वेडेपणा वाटला तरी.

मग टॅलीचं लायसन्स. ते त्या मशीनशी बांधलेलं असतं आणि डिस्क बदलली की मशीन बदललं असं त्याला वाटू शकतं, म्हणून क्लोनच्या आधी टॅलीमधून लायसन्स सरेंडर करा आणि एसएसडीवर चालू झाल्यावर परत ॲक्टिव्हेट करा, टॅलीचा आयडी-पासवर्ड हाताशी ठेवा. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिजिटल सहीचं टोकन यूएसबीचं असतं, त्याला काही होत नाही.

सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर बंद करून कुलूप पूर्ण निघू द्या, आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो.

आता १ टीबीवरून ५०० वर. हार्डडिस्कवर प्रत्यक्ष ४०० जीबीच्या आत डेटा असायला हवा, जास्त असेल तर आधी बाहेर हलवा. क्लोनझिला हे क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट आणि भरवशाचं आहे पण लहान ड्राइव्हवर थेट क्लोन करताना अडतं, आधी पार्टिशन आकसावं लागतं, नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. मॅक्रियम या तशाच सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती बंद झाली. सोपं म्हणजे तुमच्या एसएसडीच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर, किंगस्टन, क्रुशिअल, वेस्टर्न डिजिटल हे आपल्या ड्राइव्हबरोबर ॲक्रोनिस या क्लोनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती देतात, सॅमसंगचं स्वतःचं आहे, आणि डेटा मावत असेल तर पार्टिशन ते स्वतःच लहान करतात. एसएसडी लॅपटॉपला जोडायला साटा ते यूएसबी केबल लागते, काही शे रुपयांची. क्लोन चालू असताना चार्जर लावलेला हवा, लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग हवी, आणि मधे टॅली उघडायची नाही.

झालं की लॅपटॉप बंद, हार्डडिस्क बाहेर, एसएसडी आत. पहिल्यांदा चालू करताना दोन्ही एकत्र जोडलेल्या नकोत, विंडोज गोंधळतं. जुनी हार्डडिस्क महिना-दोन महिने तशीच हात न लावता ठेवा, काही राहिलंय असं लक्षात आलं तर तिथे मिळेल.

प्रश्न: एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणे, मग हार्डडिस्कच बरी नाही का? आणि डीफ्रॅग दर रविवारी करायची माझी सवय आहे, ती चालू ठेवू?
(एक निवृत्त काका, ठाणे)

उत्तर: काका, डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) बंद. विंडोजला ड्राइव्ह एसएसडी आहे हे कळतं आणि ते आठवड्याला ट्रिम नावाचं तिचं काम, म्हणजे डिलीट केलेल्या फायलींची जागा साफ करणं, स्वतः करतं.

झिजते हे खरं, पण हिशोब करा. बीएक्स५०० च्या ५०० जीबीला १२० टीबीडब्ल्यू आहे. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, जे तुमच्या मेल, बँक आणि फोटोंच्या कामात होतच नाही, तरी ६००० दिवस, सोळा वर्षं. लॅपटॉपचं बिजागर त्याच्या आधी तुटेल. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलंत तर किती टक्के आयुष्य उरलंय ते दिसतं.

काळजी दुसऱ्या गोष्टीची करा. हार्डडिस्क जाताना बऱ्याचदा कुरकुर करते, टकटक आवाज येतो, माणूस सावध होतो. एसएसडी सकाळी चांगली असते आणि दुपारी दिसेनाशी होते, आणि ट्रिममुळे चुकून डिलीट केलेली फाइल परत मिळायची आशाही जवळजवळ नसते. म्हणून नातवंडांचे फोटो दुसरीकडेही हवेत. आणि एसएसडीवर बॅकअप घेऊन ती वर्षानुवर्षं लॉकरमध्ये टाकू नका, वीज न मिळता पडून राहिली की तिची स्मरणशक्ती हळूहळू जाते. लॉकरसाठी हार्डडिस्कच बरी, तिथे तुमचं बरोबर आहे.

प्रश्न: माझ्याकडे २०१७ चं मॅकबुक एअर आहे, १२८ जीबी. दुकानदार म्हणतो ॲपलमध्ये काही बदलता येत नाही. खरं का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: २०१८ पासूनच्या एअरबद्दल खरं, त्यात सगळं बोर्डाला डकवलेलं आहे. तुमच्यात एसएसडी सुटी आहे, फक्त ॲपलचं सॉकेट वेगळं, त्यामुळे मधे एक छोटा ॲडॅप्टर लावून साधी २२८० एनव्हीएमई बसते. आधी जुन्या ड्राइव्हवर मॅकओएस निदान हाय सिएरा तरी करून घ्या, त्याशिवाय मॅकला एनव्हीएमईवरून सुरू होता येत नाही. खालच्या स्क्रूला पाच पाकळ्यांचा ड्रायव्हर लागतो, घरातला चालणार नाही. महाग एसएसडी घालू नका, स्लॉट जुना आहे, जेन ३ चा स्पीडही पूर्ण वापरला जाणार नाही. रॅम मात्र वाढत नाही, आणि हे मॉडेल मॅकओएस मॉन्टेरेच्या पुढे जात नाही, तेव्हा खर्च करायचा का ते त्या हिशोबाने ठरवा.

प्रश्न: २०२३ मध्ये मित्राने १ टीबी एनव्हीएमई घेतली तेव्हा जो भाव होता त्याच्यापेक्षा आता कितीतरी जास्त सांगतायत. थोडं थांबू का? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्त मिळेल का?
(एक विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर: २०२३ हे वर्षच वेगळं होतं, कंपन्यांकडे माल पडून होता आणि भाव पडले होते. २०२५ च्या शेवटापासून उलटं झालंय, एआयची डेटा सेंटरं मेमरी आणि फ्लॅश ओढून घेतायत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रुशिअल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार, आधी विकलेल्या मालाची वॉरंटी सांभाळू असं म्हणालेत. म्हणजे वर मी क्रुशिअलची नावं घेतली तो माल दुकानात उरलासुरला मिळेल, मिळाला तर बिलाशिवाय घेऊ नका. भाव मुद्दामच छापत नाही, अंक हातात पडेपर्यंत शिळा होईल.

लॅपटॉप आत्ता अडत असेल तर थांबू नका, १ टीबीऐवजी ५०० घ्या. अडत नसेल तर सेलची वाट बघा. लॅमिंग्टन रोडला जरूर जा, पण जीएसटी बिल मागा, १८ टक्के वाचवायला बिनबिलाची घेतली तर पाच वर्षांच्या वॉरंटीचा कागदच राहत नाही. सील फोडून सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर तो तिथेच मोबाइलवर टाकून वॉरंटी भारतातली दाखवते का बघा. ओईएम पीस म्हणून बॉक्स नसलेल्या पट्ट्या मिळतात, बऱ्याचदा नव्या लॅपटॉपमधून काढलेल्या, त्या चांगल्या असू शकतात पण कंपनी ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही, दुकानदार देईल तेवढीच. घ्यायचीच तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो लावून ती किती तास चाललीये ते बघा, नवीन म्हणून हजारो तास चाललेली गळ्यात मारतात.

प्रश्न: एसएसडी टाकल्यावर जुन्या हार्डडिस्कचं काय करायचं? डीव्हीडीच्या जागी बसते असं ऐकलं.
(एक वाचक, यवतमाळ)

उत्तर: बसते, त्याला कॅडी म्हणतात. जाडी दोन येतात, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर, डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर काढून पट्टीने मोजा आणि मग मागवा. एसएसडी मूळ जागी आणि हार्डडिस्क कॅडीत, उलटं नको, काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचं कनेक्शन कमी स्पीडचं असतं. पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो लावून हार्डडिस्कची तब्येत बघा, पिवळा कॉशन दाखवत असेल तर तिच्यात काही ठेवू नका. निळा गुड दाखवत असेल आणि लॅपटॉप सतत इकडेतिकडे न्यावा लागत असेल, तर कॅडीपेक्षा यूएसबी केसमध्ये घालून घरी ठेवा, बॅटरीही वाचेल.